पायाचं माप

फाट्यावर अण्णांचा फ्लेक्स लागला आहे. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मधे अण्णा, आणि खाली चौदा शोकाकुल. चौदाही जण भांग पाडून, त्यातले दोघे गॉगल लावून शोक करताहेत. अण्णांचा फोटो गणवेशातला आहे, छातीवर पदकं आहेत, पण छापणाऱ्याने त्यांना इतकं गोरं केलंय की बसमधून उतरल्यावर मी, त्यांची सख्खी थोरली लेक, हे कोण गृहस्थ म्हणून बघतच राहिले.

आज त्यांचं बारावं. बेळगावला शहापुरात माझं घर, तिथून सकाळच्या बसने आले. काकती मागे पडली, संकेश्वरच्या अलीकडे कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत आला आणि शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला. मला तो वास आवडतो. तो आला की अण्णा जागेवरून उठून वरची पिशवी खाली काढायचे. गाव यायला अजून अर्धा तास असायचा, पण पिशवी मांडीवर हवी. आज माझ्या मांडीवर पिशवी होती ती मी पहिल्यापासूनच घेऊन बसले होते.

फाट्यापासून घरापर्यंत पाच बायकांनी अडवलं. पाचही जणींनी हात धरून एकच सांगितलं, “तुझ्यावर लई माया गं अण्णांची.” मी पाचही वेळा “व्हय” म्हटलं. घरी पोचले तर धाकटा भाऊ विलास मांडववाल्याशी हुज्जत घालत होता. मला बघून म्हणाला, “आक्का, दुपारी सभा हाय. दोन शब्द तू बोलायचंस. अण्णांचा जीव तुझ्यावर, सगळ्या गावाला म्हाईत हाय.”

गावाला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत मलाही माहीत होतं.

सभेत लोक काय बोलणार ते मी आत्ताच म्हणून दाखवू शकते. सुभेदारसाहेब म्हणजे देवमाणूस. ते खोटंही नाही. पलटणीतून कायमचे घरी आल्यावर अण्णांनी किती फौजी विधवांचे कागद भरून दिले, कितीजणींना घेऊन बेळगावला लष्करी कॅम्पात हेलपाटे घातले, त्याला गणती नाही. आईला संधिवात झाला तेव्हा तिची वेणी ते घालायचे, अंगणात, सगळ्यांदेखत. गल्लीतले बापये हसून घ्यायचे. अण्णा वेणीचा शेवटचा पेड घट्ट आवळून, गाठ मारून, मग त्यांच्याकडे बघून “रामराम” म्हणायचे. सकाळचा चहा तेच करायचे, आलं ठेचून, साखर जरा जास्त, पलटणीत करतात तसा. उन्हात वाळत घातलेल्या त्यांच्या कांबळ्याला डांबरगोळ्यांचा वास असायचा, बोटांना पितळेच्या पॉलिशचा. आई सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतरही सकाळी ते दोन कप चहा करायचे आणि दुसरा कुणीतरी येऊन प्यायचंच.

आणि मला त्यांनी काय दिलं नाही? गल्लीतली एकही मुलगी दहावीपुढे गेली नव्हती तेव्हा मला बेळगावला होस्टेलवर ठेवलं. परीक्षेच्या वेळी कॉलेजच्या फाटकाबाहेर झाडाखाली उभे राहायचे, तीन तास, बसायचेसुद्धा नाहीत. लग्न झाल्यावर दर पंधरा दिवसांनी बसने शहापूरला यायचे. पिशवीत वांगी, मेथी, हंगामात हरभऱ्याचे डहाळे. दारात चपला काढता काढता विचारायचे, “जेवलीस का?” विलासला त्यांनी पट्ट्याने मारलेलं आहे, नाही नाही त्या शिव्या दिलेल्या आहेत. एकदा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्याला पोटाशी धरून रडले. माझ्यावर त्यांनी जन्मात आवाज चढवला नाही. विलास चिडायचा, “तू लाडकी.” मी ते मान्य करायची. लाडक्या माणसाला कोण कशाला ओरडेल, असं मला वाटायचं.

मांडवातली गर्दी चुकवून मी मागच्या सोप्यात जाऊन बसले. सोप्यात अजून तंबाखूचा वास आहे. घरात विड्या वळणं बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, भिंतींना दोनदा रंग झाला, वास काही गेलेला नाही. इथे आजी आणि आई मांडीवर सूप घेऊन बसायच्या. पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोटं चालू आणि तोंडं चालू. पावसाळ्यात पानं नरम पडायची, उन्हाळ्यात तंबाखूचा खकाणा उडून आम्ही सगळ्याच शिंकायचो. इथेच, रिकामं सूप पालथं घालून त्याच्या पाठीवर कागद ठेवून, मी अण्णांना पत्रं लिहायची.

आजीला लिहिता येत नव्हतं, आईला सहीपुरतं येत होतं. अण्णांच्या पत्त्यात गाव नव्हतं, नुसते आकडे. ते कुठे आहेत ते आम्हाला कळायचं नाही, बर्फात आहेत एवढंच कळायचं. आजी सांगायची आणि मी लिहायची. “समदी खुशाल हाईत म्हणून लिव्ह. म्हस गाभण हाय. तंबाखू बरा आलाय. तू डोस्क्याला फडकं बांधत जा.” कागदाला विड्यांचा वास लागायचा. रजेवर आले की अण्णा सांगायचे, “पाकीट फोडायच्या आदी पलटणीतली पोरं वळखत्यात, निपाणी आली म्हणून.” हे ऐकताना आजीच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी नंतर कुठल्याच बाईच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

पत्राचा शेवटचा कोपरा सुमीचा. सुमी माझी धाकटी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, तेव्हा पहिलीत. कोपऱ्यात ती दोन ओळी लिहायची, वर चढत जाणाऱ्या. अण्णा उत्तरात तिला अर्धं पान द्यायचे. बर्फातल्या कुत्र्याची गोष्ट, डोंगरावरच्या बकरीची गोष्ट. माझ्या वाट्याला एक ओळ यायची: थोरलीने आईला मदत करावी व अभ्यास नेटाने करावा. उत्तर मोठ्याने वाचून दाखवायचं कामही माझंच. मी बकरीची गोष्ट वाचायची आणि सुमी हसून हसून लोळायची.

त्या श्रावणात सुमी गेली. कशाने गेली ते आता सांगून काय होणार. मला आठवतं ते एवढंच, की घरात ओल्या फडक्यांचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता, आणि ती गेल्यावर आईने आधी ती फडकी पिळून दोरीवर वाळत घातली. तिच्या चपला फडताळाखाली राहिल्या. त्या उचलायला कुणाला सुचलं नाही.

पाचव्या दिवशी पत्राचा दिवस होता. आजीने मला हाक मारली. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचा.

“लिव्ह. समदी खुशाल हाईत.”

मी आईकडे बघितलं. आई भिंतीकडे बघत होती.

“फौजीला वाईट कळवायचं न्हाय,” आजी म्हणाली. “बर्फात एकटा हाय त्यो. हितं आल्यावर काय ते कळंल.”

हा आमच्या गावाचा रिवाज होता. आमच्या गल्लीत पाच घरं फौजींची, आणि सगळ्या घरांत तो पाळला जायचा. पोस्टमनही पाळायचा, मास्तरही पाळायचे. पलीकडच्या आळीतला एकजण बापासाठी चष्मा घेऊन आला होता, बाप जाऊन सात महिने झाले होते. चष्मा हातात घेऊन तो उंबऱ्यावर बसला होता आणि बायका डोळे पुसत म्हणत होत्या, किती माया बघा घरच्यांची, पोराला तिकडं कळू दिलं न्हाय. आम्ही याला माया म्हणत होतो. मी अजूनही काय म्हणावं ते ठरवलेलं नाही.

पत्र लिहून झालं. कोपरा राहिला. आजीने विडीचा दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, “कोपरा मोकळा सोडू नको. लगेच वळखंल त्यो. तू लिव्ह तिच्यागत.”

मी पेन्सिल डाव्या हातात घेतली. अण्णा मी बरी हाय, तुम्ही कधी येणार. ओळी आपोआप वर चढल्या. तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

उत्तर आलं. चिरंजीव सुमनचं पत्र पोचलं, अक्षर सुधारत आहे. पुढे अर्धं पान, खेचर बर्फात रुतून बसल्याची गोष्ट. मी मोठ्याने वाचली. कुणी हसलं नाही. माझ्यासाठी तीच एक ओळ होती, आईला मदत करावी.

इथून पुढचं सांगायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली. सुमीसारखं लिहायला मला आवडायला लागलं. आधी आजीने सांगितलं म्हणून, मग अर्ध्या पानासाठी. मेलेल्या बहिणीला अर्धं पान आणि जिवंत असून मला एक ओळ, तर मग मी सुमी होण्यात काय वाईट होतं? दर पंधरवड्याला दोन ओळी मी दिवसभर घोळवायची. एकदा रिबीन मागितली. रजेवर आलेल्या कुणाबरोबर तरी अण्णांनी लाल रिबीन पाठवली. आई ती हातात घेऊन बसली, आणि संध्याकाळी मला म्हणाली, “तूच घाल आता.” मी घातली. वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर आरशात बघितलं तेव्हा नाही वाटलं.

मग मी बूट मागितले.

एकदा आईबरोबर कॅम्पात गेले होते, तेव्हा तिथल्या शाळेतल्या मुली रांगेने रस्ता ओलांडताना पाहिल्या होत्या. काळे चकचकीत बूट, वरून पट्टा, बाजूला बक्कल. टाचा एकदम वाजायच्या. आमच्या शाळेत कुणाच्याच पायात काही नसायचं, चपला असल्या तर त्या पाहुण्यांकडे जाताना. तो टाचांचा आवाज माझ्या डोक्यातून जाईना. डाव्या हाताने लिहिलं, अण्णा मला बक्कलवाले बूट पाहिजेत.

अण्णांचं उत्तर आलं. पायाचं माप कागदावर काढून पाठव.

हे मी मोठ्याने वाचलं नाही, गाळलं. दुपारी आई आणि आजी विड्या द्यायला कारखान्यावर गेल्या तेव्हा वहीचा कागद फाडला आणि जमिनीवर ठेवला. सुमीच्या चपला फडताळाखालीच होत्या. त्यातली एक चप्पल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली असती तर झालं असतं. मी फडताळाखाली बघितलंसुद्धा. मग माझा पाय कागदावर ठेवला आणि अंगठ्यापासून टाचेपर्यंत नीट रेघ ओढली. पेन्सिल बोटांच्या मधून जाताना गुदगुल्या झाल्या आणि मी एकटीच हसले. कागदावर लिहिलं, सुमन.

त्याला उत्तर आलं ते असं: सुमीच्या पायाचं माप मिळालं. पोरगी लवकर मोठी झाली.

शिमग्याच्या आधी अण्णा रजेवर आले. त्यांना आणायला फाट्यावर मला पाठवलं होतं, हसऱ्या तोंडाने राहायचं असं बजावून. ते उतरले. हिरवी ट्रंक, बांधलेली वळकटी, उन्हाने आणि बर्फाने काळपट झालेलं तोंड. वाटेत भेटेल तो म्हणायचा, “बरं हाय समदं.” अण्णा म्हणायचे, “बरं बरं.” फाट्यापासून घरापर्यंतच्या त्या वाटेत त्यांनी सुमीचं नाव एकदाही काढलं नाही. नशीब, पोरानं वाटंत इचारलं न्हाय, असं आजी नंतर कितीतरी वर्षं सांगायची.

दारात आजीने भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. रिवाजाप्रमाणे आधी जेवण, मग सांगणं, नाहीतर माणूस उपाशी राहतो. अण्णा पाटावर बसले. झुणका, भाकरी, मिरचीचा ठेचा. आजी समोर बसून त्यांच्या घासाकडे बघत होती. आई चुलीपुढे पाठ करून. अण्णांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरीला नको म्हणाले, ताटात हात धुतला. तेव्हा आजीने हंबरडा फोडला आणि सांगितलं. अण्णा ऐकत होते. म्हणाले, “बरं.” मग उठून गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ तिथे उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडली. बूट काढले, माझ्यासमोर एक गुडघा टेकून बसले, माझा पाय हातात घेतला आणि बूट घातला. बक्कल लावलं. दुसराही घातला.

“बरोबर बसले,” ते म्हणाले. “चालून दाखव.”

मी सोप्यातून अंगणापर्यंत चालले. शहाबादी फरशीवर टाचा वाजल्या. त्या क्षणी मला फार आनंद झाला, हे मी लपवत नाही. परत फिरले तेव्हा अण्णा ट्रंक बंद करत होते.

बूट दोन वर्षं टिकले. विलास झाला, आजी गेली, अण्णा सुभेदार झाले, पुढे कायमचे घरी आले. होस्टेल, नोकरी, लग्न, माझी मुलं. मधल्या सगळ्या काळात अण्णा माझ्यासाठी जे जे करत गेले त्याने माझा जीव कासावीस व्हायचा. या माणसाला माहीत नाही, असं वाटायचं. मेलेल्या लेकीच्या नावावर मी बूट उकळले आणि हा मला पंधरा दिवसांनी वांगी आणून देतोय. सांगायचं ठरवायची आणि राहून जायचं. मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं: अगं, लहान होतीस तू. तेवढं ऐकलं की सुटले, असा माझा हिशेब होता.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी विलासला बाजूला घेऊन सांगितलं, आठवडा-दहा दिवस. अण्णा कॅम्पातल्या फौजी दवाखान्यात होते. शहापूर जवळ, म्हणून दिवसा मी असायची. दुपारची वेळ होती. बाहेर मैदानावर नव्या रंगरुटांची कवायत चालली होती, शेकडो टाचा एकदम आपटत होत्या आणि खिडकीची काच थरथरत होती. अण्णा शुद्धीवर होते, शेवटपर्यंत होते. मोसंबीचा रस चमच्याने घेत होते. मी चमचा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. पत्रं मी लिहीत होते. रिबीन मी मागितली. पायाचा कागद माझा होता.

ते छताकडे बघत होते.

“म्हाईत हाय,” म्हणाले.

“कवा कळालं?”

“सुमी गेल्यावर धाव्या दिवशीच. शेजारच्या गावचा एकजण रजेवरनं परत आलता. त्याला वाटलं, मला तारेनं कळवलं आसंल. बोलून गेला.” थांबले. श्वास जमवला. “घरात कळू दिलं न्हाय मला कळालंय म्हणून. आईनं जिवावर धोंडा ठिवून लपवलं हुतं. तिचं कशाला मोडायचं.”

दोन भाकऱ्या मला तेव्हा आठवल्या.

“म्हंजे पत्रं वाचताना तुमाला...”

“कळत हुतं की. आई सांगत आसंल, तू लिवत आसशील. वाईट न्हाय वाटलं. उलट वाट बघायचो. सुमीच्या नावानं दोन वळी आल्या की बरं वाटायचं. म्हणून उत्तर लिवायचो.” त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “मग तू बूट मागितलंस.”

बाहेर हुकूम झाला आणि टाचा थांबल्या.

“माप मी मुद्दाम मागितलं. म्हटलं, आता तरी थांबंल. न्हायतर सुमीची चप्पल ठिवून काढंल. तू तुझा पाय पाठवलास.” ते सावकाश बोलत होते, चौकशीत साक्ष द्यावी तसं, एकही शब्द वाढवून नाही. “त्यो कागद खिशात घालून पोस्टवर पहारा देत फिरलो. त्यानंतर तुझ्यावरली माया उडाली, बघ. लई बघितलं. परत आली न्हाय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, “अण्णा, मी अकरा वर्साची हुतो.” गावच्या बोलीत आम्ही बायका बापयांसारखंच बोलतो, आणि शहापुरात तीस वर्षं काढून त्या क्षणी मी तशीच बोलले.

“व्हय,” अण्णा म्हणाले. “म्हणून तर कवा बोललो न्हाय. तुझी चूक न्हाय त्यात. कळतंय मला. पर माया कळण्यावर चालत न्हाय. मग म्हटलं, करण्यात तरी कमी पडायचं न्हाय. पडलो का कमी?”

“न्हाय,” मी म्हटलं.

“मग झालं.”

“आज कशाला सांगितलंसा?”

“तू काढलंस म्हणून.” आणि जरा वेळाने, “रस दे.”

मी रस दिला. चमचा त्यांच्या दाताला लागून वाजत होता.

त्यानंतर नऊ दिवस अण्णा होते. मी रोज गेले, अंग पुसलं, नखं काढली, विलासला फोनवर सगळं सांगत राहिले. अण्णा रोज दुपारी विचारायचे, “जेवलीस का?” अगदी तसंच, दारात चपला काढता काढता विचारायचे तसं. मी होय म्हणायची आणि व्हरांड्यात येऊन उभी राहायची. तिथे उभी राहून मी माझं सगळं आयुष्य पुन्हा एकदा बघितलं. परीक्षेच्या झाडाखाली तीन तास उभे, बसले का नाहीत? पहाऱ्यावरचा माणूस बसत नाही, म्हणून. वांगी दर पंधरा दिवसांनी, एकदाही चुकली का नाहीत? आणि आवाज का चढवला नाही, ते तर आता विलासचे पट्टे आठवले की लख्ख दिसत होतं. विलासला मार मिळाला. मला नियमाप्रमाणे सगळं मिळालं. मला अण्णांचा राग येत होता, असा राग मला आयुष्यात कुणाचाच आलेला नाही. इतकं नेटकं खोटं सत्तेचाळीस वर्षं करायला माणसाला काय लागत असेल, हेही तिथेच उभं राहून मनात यायचं. ते मनात आलं की आणखी राग यायचा.

दुपारी सभा झाली. गॉगलवाले दोघेही बोलले. निवृत्त मास्तर बोलले, एक विधवा माईकसमोर उभी राहून नुसतीच रडली, आणि मग विलासने माझं नाव घेतलं. मी उभी राहिले. मागे मोठ्या पातेल्यात भात शिजत होता त्याचा वास आला. मी म्हटलं, “अण्णांची माझ्यावर फार माया होती. त्यांनी मला कधी काही कमी पडू दिलं नाही.” बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला पुढे बोलता आलं नाही, आणि त्याचाही त्यांनी योग्य तो अर्थ घेतला.

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशीचं कुणालाच सांगितलेलं नाही. संध्याकाळचे सहा वाजले असतील. मी घरी जायला निघाले होते, रात्री विलास थांबणार होता, तो अजून वाटेत होता. पायांकडची चादर सारखी करत होते. अण्णांनी हात उचलला आणि तळवा खाली करून हवेत धरला. मी जवळ जाऊन वाकावं, डोक्यावर हात ठेवू द्यावा, एवढंच त्यांना हवं होतं. मी जागची हलले नाही. म्हटलं, आता हे कशाला, हेही करण्यात कमी पडू नये म्हणून का? तोंडाने काही बोलले नाही. चादरीची घडी मोडून पुन्हा घातली. त्यांचा हात तसाच वर राहिला, मी बघतेय हे त्यांना दिसत होतं. मग त्यांनी तो स्वतःच खाली घेतला.

“जा,” म्हणाले. “बस चुकंल.”

मी गेले. पहाटे विलासचा फोन आला. मी पोचले तेव्हा तो खाली कागद करायला गेला होता, खोलीत अण्णा एकटे होते. मी पलंगाशी वाकले आणि त्यांचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. तो घसरून खाली आला. पुन्हा ठेवला. सिस्टर येईपर्यंत मी तो धरून ठेवत होते, सोडला की खाली येत होता.